बाहेरून गुळगुळीत, आत साका : मायक्रोवेव्हने लपलेला दोष कसा पकडतात

आमच्या घरात एक जुना पांढरा कप आहे, दिसायला एकदम ठणठणीत, पण त्यात चहा ओतून मायक्रोवेव्हमध्ये ठेवला की चहा राहतो कोमट आणि कपाचा कान असा तापतो की हातातून सुटायचाच. बाकी कपांचं असं होत नाही. आई म्हणायची, "अरे तो कपच खुळा आहे," आणि मी बरेच दिवस मायक्रोवेव्हला शिव्या घालत होतो. शेवटी एकदा खिडकीत उन्हाकडे धरून बघितला तर आतल्या चकाकीवर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं पडलेलं. वरचा काचेसारखा लेप तडकला होता आणि रोज घासताना त्या रेघांतून पाणी आतल्या मातीत मुरत होतं. सुकी भाजलेली माती मायक्रोवेव्हमध्ये फारशी तापत नाही, पाणी मात्र तापतं, आणि इथे पाणी कपाच्या अंगातच होतं, म्हणजे चहाच्या वाटची उष्णता कपच खात होता.

आता गंमत बघा. तडा मला दिसत नव्हता, मायक्रोवेव्हला तो सापडला आणि माझ्या बोटांना त्याचा चटका बसला. बोटांच्या जागी थर्मल कॅमेरा आणि कपाच्या जागी पुलाचा स्लॅब, विमानाचं नाक किंवा तुमच्या बेडरूमची भिंत ठेवा, झाली मायक्रोवेव्ह थर्मोग्राफी. तत्त्व एवढंच आहे, बाकी सगळा लेख म्हणजे यात कुठे कुठे फसायला होतं त्याची गोष्ट.

लपलेला दोष म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हापूस बाहेरून केशरी, वास घमघमीत, आणि कापला की आत पांढरट साका. माठ घेताना आपण टिचकी मारतो, खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर परत ठेवतो. टाइल बसवणारा मिस्त्री नाण्याने टकटक करत जातो आणि कुठे पोकळ वाजतंय ते सांगतो. अमेरिकेत तर पुलाच्या डेकवरून लोखंडी साखळ्या ओढत नेतात आणि आवाज कुठे बदलतो ते कान देऊन ऐकतात, साहेबांची टिचकीच ती, फक्त मोठी. या सगळ्याला इंजिनिअर लोक एनडीटी म्हणतात, म्हणजे न तोडता-फोडता तपासणी. टिचकीचा प्रॉब्लेम एवढाच की ती एका वेळी एकाच जागेची खबर देते आणि बरंचसं ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून असतं. कॅमेरा सगळी भिंत एकदम बघतो.

पण काय बघतो? इथे लोकांचा पहिला आणि सगळ्यात मोठा गैरसमज आहे. थर्मल कॅमेऱ्याला भिंतीच्या आतलं काहीही दिसत नाही. काहीही म्हणजे काहीही नाही. त्याला फक्त पृष्ठभाग दिसतो, वरची जेमतेम पापुद्र्याएवढी कातडी. प्रत्येक वस्तू, भिंत असो, मांजर असो नाहीतर आपण स्वतः, सतत इन्फ्रारेड किरण सोडत असते आणि आपल्या रोजच्या तापमानाला ते १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या तरंगलांबीला सगळ्यात जोरात असतात. इमारतींसाठी वापरतात ते बहुतेक कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात बघतात ते त्यामुळेच. लालच्या पलीकडे असं काहीतरी आहे हे विल्यम हर्शेलने १८०० सालीच प्रिझम आणि थर्मामीटर घेऊन दाखवलं होतं, त्याला कॅमेराबिमेरा काही लागला नाही.

या पट्ट्यातलं जग जरा उलटंपालटं असतं. खिडकीची काच आपल्याला आरपार, कॅमेऱ्याला भिंतीसारखी बंद. कचऱ्याची काळी पिशवी आपल्याला बंद, पण कॅमेऱ्याला तिच्या आतला हात बऱ्यापैकी दिसतो. आणि लखलखीत स्टील म्हणजे तर पक्का थापाड्या. घासलेल्या स्टीलच्या डब्यात उकळतं पाणी भरा आणि कॅमेरा लावा, तो खऱ्या तापमानाच्या निम्म्याहून कमी आकडा दाखवेल, कारण चकचकीत धातू स्वतःचे किरण फार कमी सोडतो आणि समोरच्याचे परावर्तित करतो, म्हणजे डब्यात तुम्ही स्वतःलाच बघत असता. त्याच डब्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला की तेवढ्या जागी खरं तापमान दिसतं. धातूचे भाग तपासायच्या आधी त्यावर काळा मॅट रंग फवारतात तो याच कारणासाठी, लोकांना उगाच वाटतं की शोसाठी आहे.

बरं, कॅमेऱ्याला फक्त कातडी दिसते तर आतला दोष कळतो कसा? उष्णता वाहते म्हणून. आत पोकळी असेल तर तिथे हवा असते, हवा उष्णतेला पुढे जाऊ देत नाही, उष्णता अडते आणि वरच्या कातडीवर त्या जागी थोडा फरक पडतो. भाकरीचा पापुद्रा सुटला की तो पातळ पापुद्रा लगेच करपतो आणि तव्यावरून काढली की पटकन गारही होतो, बाकी भाकरीचं तसं होत नाही. काँक्रीटचंही हेच. सळई गंजून फुगली की वरच्या काँक्रीटचा पापुद्रा सुटतो, दिवसा उन्हात ती जागा आजूबाजूपेक्षा गरम दिसते आणि रात्री गार दिसते. मधे दिवसातून दोनदा अशी वेळ येते की फरक शून्य होतो, त्या वेळी कॅमेरा घेऊन गेलात तर आख्खा पूल ठणठणीत असल्याचा रिपोर्ट घेऊन याल.

मात्र इथे फरक बऱ्याचदा शून्य पूर्णांक काहीतरी अंशांचाच असतो. चांगल्या कॅमेऱ्याला ०.०५ अंशाचा फरक ओळखता येतो, आणि ज्यांचा सेन्सर मुद्दाम अतिथंड ठेवलेला असतो त्यांना ०.०२ चा. त्यामुळे तपासायच्या वस्तूला भाजायची गरज नसते, दोनचार अंश तापवलं तरी काम होतं.

नुसतं ऊन, एसी, पाऊस यांनी आपोआप जो फरक पडतो तो बघायचा तर ते पॅसिव्ह. आपण स्वतः तापवून मग बघायचं तर ते ॲक्टिव्ह. ॲक्टिव्हमध्ये नेहमी हॅलोजनचे मोठे दिवे लावतात नाहीतर काही मिलिसेकंदांचा जबरदस्त फ्लॅश मारतात. २००३ च्या १ फेब्रुवारीला नासाचं कोलंबिया यान परत येताना तुटलं आणि कल्पना चावलासकट सातही जण गेले, तेव्हा कारण निघालं ते असं, की उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला होता. त्यानंतर त्या कडेची कार्बनची पॅनेल तपासायला नासाने थर्मोग्राफीवर बराच भर दिला. २००६ च्या जुलैत डिस्कव्हरी यान गेलं तेव्हा तर अंतराळवीरांनी बाहेर स्पेसवॉक करताना, आधीच खराब करून नेलेल्या नमुन्यांचं इन्फ्रारेड कॅमेऱ्याने शूटिंग करून बघितलं की वर असताना असा दोष दिसतो का.

दिव्याने किंवा फ्लॅशने तापवण्यात एक मूळचीच अडचण आहे. उष्णता बाहेरून आत जाणार, दोषापर्यंत पोचणार, तिथे अडणार आणि त्याची खबर परत बाहेर येणार, म्हणजे जायचा-यायचा दोन्ही प्रवास आणि तोही रांगत. काँक्रीटमध्ये १ सेंटीमीटर खोलीला साधारण २ मिनिटांचा हिशोब धरा. मग २ सेंटीमीटरला ४ मिनिटं? नाही, ८, कारण खोली दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. ५ सेंटीमीटरला जवळपास पाऊण ते एक तास. आणि एवढ्या वेळात उष्णता आजूबाजूलाही पसरते, चित्र धूसर होतं, शाईचा थेंब टिपकागदावर पसरावा तसं. म्हणून जाणकार लोक एक ठोकताळा वापरतात की दोष जितका खोल आहे निदान तितका तरी रुंद असला पाहिजे, नाहीतर दिसण्याची आशा सोडा.

मायक्रोवेव्ह इथे कामाला येतो. तो बाहेरून शेकत नाही, आतच उष्णता तयार करतो, त्यामुळे निम्मा प्रवास वाचतो.

घरच्या ओव्हनचा मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे त्याचं विद्युतक्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा हेलकावतं. पाण्याच्या रेणूला एक टोक किंचित प्लस आणि एक किंचित मायनस असतं, तो या क्षेत्रामागे सारखा वळायचा प्रयत्न करतो, शेजाऱ्यांना धक्के देत, गर्दीच्या लोकलमध्ये कोणीतरी सारखं दाराकडे तोंड करायला बघतं तसा, आणि त्या धक्काबुक्कीची उष्णता होते. (व्हॉट्सॲपवर फिरतं की २.४५ हा पाण्याचा खास रेझोनन्स आहे, ते साफ खोटं. ही फ्रिक्वेन्सी उद्योगांसाठी मोकळी ठेवलेली आहे म्हणून वापरतात, इतकंच.) बर्फात तेच रेणू जागच्या जागी जखडलेले असतात म्हणून बर्फ जवळजवळ तापतच नाही, फ्रीझरमधला भात एका कोपऱ्यात वाफाळलेला आणि मधे दगड असा निघतो तो यामुळेच. जिथे आधी वितळलं तिथेच पुढची उष्णता जाते. काच, प्लास्टिक, सुकं काँक्रीट यांना मायक्रोवेव्हचं फार काही वाटत नाही, तो त्यांच्यातून जातो. जाड धातूवरून मात्र तो परत फिरतो.

एकच लाट, पण कोण तिला अडवतो, कोण सोडतो, कोण खातो हे प्रत्येक पदार्थाचं वेगळं. दिव्याने भिंत सरसकट तापते, मायक्रोवेव्हने जे वेगळं आहे ते वेगळं तापतं. माझ्या मते सगळी किमया इथेच आहे. दिव्याच्या पद्धतीत दोष नुसता रस्ता अडवून बसलेला असतो. मायक्रोवेव्हमध्ये कित्येकदा दोष स्वतःच चूल होतो आणि आपला पत्ता आपणच सांगतो.

विमानाचं उदाहरण घेऊ. विमानातले बरेच भाग मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी कप्प्यांचे असतात, वर-खाली पातळ पत्रा किंवा फायबरचं कातडं, मधे पोळं, वजनाला हलकं आणि ताकदीला जबर. पण कुठे बारीक चीर पडली तर पाणी आत शिरतं, १० किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५० च्या आसपास तापमान, पाणी गोठतं, फुगतं, कप्पे फाडतं, उतरल्यावर वितळतं आणि पुढच्या फेरीला परत तेच. एअरलाइनवाले यासाठी एक साधी युक्ती करतात, विमान उतरलं की लगेच थर्मल कॅमेरा लावायचा. सगळं अंग हळूहळू कोमट होत असतं आणि जिथे आत बर्फ आहे तेवढा ठिपका हट्टाने गारच राहतो. तापवायचा खर्च शून्य. पण विमान रात्रभर हँगरमध्ये उभं राहिलं असेल तर हा फरक गेला, मग तिथे मायक्रोवेव्ह. काचतंतूच्या कातड्यातून तो सहज आत जातो, जाणारच, कारण विमानाच्या नाकाचं टोपण, ज्याला रेडोम म्हणतात, ते काचतंतूचं करतात तेच मुळी आतल्या रडारच्या लाटा आरपार जाव्यात म्हणून. आत गेला की पोळं फारसं तापत नाही आणि पाणी भरलेले कप्पे उजळतात. फक्त आधी बर्फ वितळू द्यायचा, नाहीतर मघाशी भाताची झाली तीच गत.

दुसरं उदाहरण इमारतीच्या खांबांचं. आपल्याकडे जुन्या बिल्डिंगांचं स्ट्रक्चरल ऑडिट होतं आणि मग रिपेअरमध्ये खांबाला कार्बन रॅपिंग करायचं ठरतं, म्हणजे कार्बनतंतूचं कापड इपॉक्सी नावाच्या डिंकाने खांबाला चिकटवायचं. चिकटवलं तर आहे, पण सगळीकडे चिकटलं का? वरून काळंभोर, छान दिसतं, खाली हवा राहिली असेल तर कळणार नाही. कार्बनतंतूतून वीज वाहते, त्यामुळे मायक्रोवेव्ह पडला की कापडातच बारीक प्रवाह निर्माण होतात आणि कापड तापतं. जिथे नीट चिकटलंय तिथे ती उष्णता मागच्या काँक्रीटमध्ये निचरून जाते, जिथे सुटलंय तिथे तशीच साचते. भाकरीचा पापुद्राच परत. यात लाटेची दिशाही सांभाळावी लागते, विद्युतक्षेत्र तंतूंना समांतर असेल तर लाट जवळपास सगळी कापडावरच अडते, आडवं असेल तर काही भाग आत जातो, म्हणजे अँटेना नव्वद अंशात फिरवली की चित्रच बदलतं. अमेरिकेत मिसूरी युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीच्या लोकांनी यावर बरंच काम केलंय, या कापडाखालच्या पोकळ्यांपासून ते काँक्रीटमधल्या गंजलेल्या सळईपर्यंत. सळईवर लाट आपटून परत फिरते, पण गंजाचा थर आणि कोरं लोखंड सारखं तापत नाही, त्या फरकाच्या मागे ते आहेत.

आता आमच्या भिंतीची गोष्ट. जुलैमधे बेडरूमच्या भिंतीला ओल आली, वरच्या फ्लॅटवाले म्हणतात आमच्याकडे काही लीकेज नाही, सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही बघा, नेहमीचंच. एका तपासणीवाल्याला बोलावला, पोरगा चुणचुणीत होता, भिंतीला कॅमेरा लावला आणि म्हणाला, "सर, सगळं एकसारखं दिसतंय, आत पाणी नाही." मी म्हटलं, "अरे बाबा, रंग तर हाताला येतोय." त्याने परत बघितलं, परत एकसारखं. पैसे घेतले, रंगीत पीडीएफ दिली, गेला.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. ओली भिंत कॅमेऱ्यात गार दिसते ती काही पाणी थंड असतं म्हणून नव्हे, तर पाणी उडून जाताना भिंतीची उष्णता घेऊन जातं म्हणून, माठ गार होतो तसं. आता भर जुलैत, हवेत दमटपणा नव्वद टक्क्यांच्या वर, दोरीवरचा टॉवेल दोन दिवस सुकत नाही, तिथे भिंतीतलं पाणी काय उडणार? बाष्पीभवन नाही म्हणजे गारवा नाही आणि गारवा नाही म्हणजे फरकच नाही. माठसुद्धा मे महिन्यात जसा गार असतो तसा जुलैमधे नसतो हे आपल्याला पक्कं माहीत असतं, फक्त ते कॅमेऱ्याला लावून बघायचं सुचत नाही. म्हणजे गळती जेव्हा सगळ्यात जोरात तेव्हाच पॅसिव्ह कॅमेरा सगळ्यात आंधळा. आणि उलटंही होतं, शेजारच्या खोलीत रात्रभर एसी चालला असेल तर कोरड्या भिंतीवरही छान निळा डाग येतो आणि भांडण सुरू होतं.

मायक्रोवेव्हला या दमटपणाशी काही देणंघेणं नाही. त्याला बाष्पीभवन नकोय, पाणी हवंय. भिंतीपुढे अँटेना धरून थोडा वेळ तापवलं तर ओला पट्टा गार नाही, उलट गरम दिसायला लागेल, माझ्या कपाच्या कानासारखा. आणि ओलावा प्लास्टरमधे वरवर आहे की आत मुरलाय याचाही अंदाज येतो, उष्णता किती उशिरा वर येतेय त्यावरून.

मग सगळे हेच का नाही वापरत? कारण मायक्रोवेव्ह एकसारखा पसरतच नाही. घरच्या ओव्हनमध्ये ताट फिरतं ठेवलेलं असतं ते कौतुकासाठी नाही, या लाटेची लांबी १२ सेंटीमीटरच्या जवळपास, ती भिंतींवर आपटून परत आली की दर ६ सेंटीमीटरवर गरम-गार पट्टे तयार होतात. फिरतं ताट काढून पापड ठेवा, ठिपक्या-ठिपक्यांनी भाजलेला दिसेल. भिंतीवरही तसंच होतं आणि नवशिक्या माणूस त्या पट्ट्यांनाच दोष समजतो. भिंत काय ताटासारखी फिरवता येत नाही.

यावर एक देखणा उपाय आहे. मायक्रोवेव्ह सलग न सोडता ठराविक तालात चालू-बंद करायचा आणि कुठे किती तापलं हे न बघता कुठे उशिरा तापलं ते बघायचं. गणपतीच्या आरतीत शंभर जण टाळ्या वाजवतात, कोणी जोरात कोणी हळू, आवाजाचं काही सांगता येत नाही, पण मागच्या रांगेतला एक काका दर टाळीला किंचित मागे पडतो तो लगेच कानाला कळतो. जोर म्हणजे लाट कुठे कमीजास्त पडली ते, आणि उशीर म्हणजे खाली काय आहे ते. याला लॉक-इन म्हणतात. असमान तापण्याचा बराचसा कचरा यात आपोआप गळून पडतो.

दुसरं कारण सुरक्षेचं. ओव्हनमधून मायक्रोवेव्हची गळती किती चालते? दारापासून ५ सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॉट, त्यावर नाही, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि इथे आपण मुद्दाम उघड्यावर सोडतोय, तेही राहत्या घरात. म्हणून प्रयोगांत थोड्याच वॉटवर भागवायला बघतात, माणसं लांब ठेवतात, आजूबाजूला शील्ड लावतात, आणि अजून तरी हे काम बहुतेक प्रयोगशाळेत नाहीतर खास कंत्राटांत चालतं. कृपा करून कोणी यूट्यूब बघून जुना ओव्हन उघडून भिंतीकडे तोंड करून लावू नका. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट धरून बसू शकतो, तो माणूस मारतो, आणि मॅग्नेट्रॉनच्या, म्हणजे लाटा तयार करणाऱ्या भागाच्या, उघड्या तोंडासमोर डोळे सगळ्यात आधी जातात.

तर तोवर साधा कॅमेरावालाच बोलवावा लागणार. त्याला बोलवायचं ते ऑक्टोबरमध्ये, हवा कोरडी पडली आणि भिंत अजून ओली आहे अशा आठ-पंधरा दिवसांत. आदल्या रात्रीपासून दोन्ही बाजूचे एसी बंद. तो आला की पहिला प्रश्न विचारायचा, भिंतीवर ऊन कधी येऊन गेलं हे तू बघितलंस का, आणि पाणी मोजायचं मीटर आणलंयस का, कारण निळा डाग दिसला तरी तिथे मीटर टेकवल्याशिवाय तो पाण्याचा म्हणायचा नाही. आमच्याकडे दुसरा माणूस आला तो ऑक्टोबरातच आला, डाग सरळ वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपकडे चढत गेलेला दिसला, वरच्या काकूंनी पीडीएफ दोनदा झूम करून बघितली आणि म्हणाल्या, "बरं, प्लंबरला पाठवते." कप मात्र आईने टाकू दिला नाही, त्यात आता खिडकीत मनी प्लांट आहे.